घरातली बॅटरी : किती युनिट देईल, किती वर्षं टिकेल?

पावसाळ्याच्या तोंडावर खानापूरपासून अथणीपर्यंतची बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत: घरात बॅटरी घ्यावी का, कोणती, आणि ती किती वर्षं पुरेल. किमती वाचकांनी आपापल्या कोटेशनमधून कळवल्या आहेत. त्या गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून उत्तरांत हिशेबाची रीत दिली आहे. तुमचे आकडे घालून तो हिशेब पुन्हा करा. विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे १००० वॅटचा लोड एक तास, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं बेरीज-भागाकाराचं काम आहे.

अनगोळ, बेळगाव : १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला दुकानदार १६,५०० रुपये सांगतो आणि १२.८ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियमला २८,०००. लाईट आठवड्यातून चारेक वेळा जाते, दरवेळी तास-दीड तास. तीन पंखे, चार दिवे आणि वायफाय चालायला हवं. स्वस्त कोणती?

एएचचा, म्हणजे अँपिअर-तासांचा, आकडा आधी बाजूला ठेवा, कारण फसगत तिथूनच सुरू होते. १५० हा १०० पेक्षा मोठा दिसतो. पण हातात काय पडतं ते बघा. ट्यूब्युलर: १२ × १५० = १८०० वॅट-तास. ही लेड-अॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली रिकामी करायची नाही, म्हणजे वापरायला ९०० वॅट-तास. लिथियम: १२.८ × १०० = १२८० वॅट-तास, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे सुमारे १०२०. तेव्हा १०० एएचची लिथियम १५० एएचच्या ट्यूब्युलरपेक्षा थोडी जास्तच वीज देते.

शिवाय लेड-अॅसिडवरचा एएचचा आकडा १० किंवा २० तासांत सावकाश वीज काढली तरच खरा असतो. तो सी-१० आहे की सी-२० हे बॅटरीवर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. जोरात ओढली की ती कमी देते. सी-२० वर १५० असलेली बॅटरी पाच तासांत संपवायला गेलात तर १२०च्या आसपास एएच हाती लागतात. लिथियममध्ये ही तूट नगण्य असते.

आता बॅटरी संपेपर्यंत किती युनिट देईल ते काढू. चांगली ट्यूब्युलर निम्म्या वापरावर साधारण १२०० वेळा भरून रिकामी होते: ०.९ × १२०० = १०८० युनिट. १६,५०० भागिले १०८०, म्हणजे युनिटला १५ रुपये. लिथियम ३००० फेऱ्यांची धरली, आणि शेवटी शेवटी तिची क्षमता घटते म्हणून एकूण विजेतून १० टक्के वजा केले, तर सुमारे २७५० युनिट, म्हणजे युनिटला १० रुपये. विक्रेता हा हिशेब इथेच थांबवतो आणि लिथियम स्वस्त म्हणून सांगतो.

पण तुमच्या घरी तेवढ्या फेऱ्या होणारच नाहीत. तुमचा लोड बघा: तीन साधे पंखे २२५ वॅट, चार एलईडी ३६, वायफाय १०, मिळून २७०. दीड तास म्हणजे ०.४ युनिट. वर्षातून २०० वेळा लाईट गेली तरी वर्षाला ८० युनिट. या वेगाने १०८० युनिट संपायला १३ वर्षं लागतील आणि ट्यूब्युलर तोवर जगत नाही. आपल्याकडच्या हवेत नीट सांभाळली तर ४ ते ६ वर्षं. तुमची बॅटरी वापराने संपायच्या आत वयाने संपणार आहे. म्हणून तुमच्यासाठी खरा आकडा वर्षाचा खर्च हा आहे: ट्यूब्युलर ५ वर्षं धरली तर वर्षाला ३,३०० रुपये आणि वर डिस्टिल्ड वॉटर, लिथियम १० वर्षं धरली तर २,८००. फरक वर्षाला ५०० रुपयांचा. आणि तोही लिथियम खरोखर १० वर्षं चालली तर. तुमच्या कोटेशनमधल्या लिथियमची वॉरंटी ३ वर्षांची असेल तर पुढची ७ वर्षं तुमच्या भरवशावर आहेत हे धरून चाला. लहान लिथियम पॅकमध्ये सेल शाबूत असतात आणि आतलं नियंत्रणाचं सर्किट, म्हणजे बीएमएस, आधी जातं असं बरेचदा होतं. वॉरंटी ५ वर्षांच्या खाली असेल तर आम्ही ती घ्या असं म्हणणार नाही.

निर्णय जुन्या इन्व्हर्टरवर ठरवा. तो चांगला चालत असेल आणि त्यात लिथियमची सेटिंग नसेल, तर ट्यूब्युलरच घ्या. लेड-अॅसिडचे इन्व्हर्टर अधूनमधून बॅटरीला १४.८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब देतात. चार सेलच्या लिथियमची मर्यादा १४.६ आहे. त्यापुढे बीएमएस बॅटरी तोडतो, इन्व्हर्टर 'बॅटरी नाही' म्हणून ओरडतो, आणि हे पुन्हा पुन्हा घडत राहतं. इन्व्हर्टरही नवा घ्यायचा असेल तर मग लिथियम घ्या, दोन्ही एकाच कंपनीचं घ्या आणि वॉरंटी दोन्हीवर लेखी घ्या.

त्याआधी पंख्यांकडे बघा. साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० वॅट. तीन पंखे बदलले की २७० चा लोड १३५ वर येतो आणि तीच बॅटरी दुप्पट चालते. शिवाय पंखा लाईट असतानाही वीज वाचवतो, बॅटरी तसं काही करत नाही.

जांबोटी भाग, ता. खानापूर : जुलैमध्ये झाडं पडून दोन-तीन दिवस लाईट नसते. सोलरवाल्याने १० किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी २,४०,००० रुपयांना सांगितली आहे. घेऊ का?

एवढी मोठी घेऊ नका. निम्मी घ्या, आणि उरलेल्या पैशातले थोडे दुसरीकडे लावा. कारण सांगतो.

लाईट नसताना एका दिवसात खरोखर काय लागतं ते कागदावर मांडा. दोन बीएलडीसी पंखे १० तास: ०.६ युनिट. पाच दिवे ६ तास: ०.२७. वायफाय आणि मोबाईल: ०.२५. लहान फ्रिज: १ युनिट. अर्ध्या एचपीचा पंप अर्धा तास: ०.३. बेरीज सुमारे २.४ युनिट. आता जो आकडा कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही तो मिळवा: इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज. ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही जोडता येतात तो, काहीही न चालवता ४० ते ७० वॅट घेत राहतो. ५० धरले तरी २४ तासांत १.२ युनिट, म्हणजे फ्रिजपेक्षा जास्त. एकूण ३.६.

५१.२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. ९० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरमधली तूट वजा केली तर ४.२ युनिट हाती येतात: एक दिवस आणि थोडं वर. फ्रिज बंद ठेवला आणि दिवसा १२ तास इन्व्हर्टरचं बटणच बंद केलं, तर रोजचा खर्च २ युनिटांवर येतो आणि तीच बॅटरी दोन दिवस पुरते. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे फ्रिजमध्ये असं काय असतं की त्यासाठी लाखभर रुपये घालावेत? दूध तापवून ठेवता येतं. इन्सुलिनसारखं औषध असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी फ्रिज ठरलेल्या वेळी दोन-दोन तास लावा आणि मध्ये दार उघडू नका.

पॅनेल त्या दिवसांत किती देतील? उन्हाळ्यात बेळगाव भागात १ किलोवॅट पॅनेल दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं. घाटमाथ्यावर जुलैच्या झडीत दीड युनिट मिळालं तरी चांगलं म्हणायचं. म्हणून २ किलोवॅट पॅनेल आणि ५ युनिटांची बॅटरी ही जोडी वरच्या काटकसरीत तुम्हाला दिवसामागून दिवस नेऊ शकते. दुसरी ५ युनिटांची बॅटरी झडीत भरणार कशाने, हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच.

तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी लहान पेट्रोल जनरेटर ठेवा. एक लिटरमध्ये साधारण २ युनिट मिळतात, म्हणजे युनिटला ५० रुपयांच्या वर. महाग वाटतं, पण वर्षातून सहा-आठ दिवसच तो लागणार. उलट जादा बॅटरीचे लाख-सव्वा लाख १२ वर्षांवर वाटले तरी वर्षाला ८-१० हजार होतात, तेही त्याच सहा-आठ दिवसांसाठी. जनरेटर दिवसातून दोन तास लावून बॅटरी भरा, रात्रभर चालवू नका. आणि तो उघड्यावर ठेवा. पाऊस लागतो म्हणून पडवीत किंवा गोठ्यात लावला तर धुरातला कार्बन मोनॉक्साईड घरात शिरतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

बसवताना तीन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. एक, ५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ५१.२ व्होल्टवरून १०० ते ११० अँपिअर लागतात. त्यासाठी २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी आणि बॅटरीच्या अगदी जवळ डीसीचा १२५ अँपिअर फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी तिथे चालत नाही. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, एमसीबीच वितळतो. दोन, वळवाच्या विजा. पॅनेलच्या बाजूला आणि एसीच्या बाजूलाही सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग मोजून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत वरचा थर उन्हाळ्यात कोरडा पडतो, नुसता दोन फुटांचा रॉड ठोकून भागत नाही. तीन, बॅटरी भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर दूर, जमिनीपासून उंच आणि ओल येणाऱ्या भिंतीला सोडून. उंदीर केबल कुरतडतात, तेव्हा केबल पाईपमधून घ्या.

ऐनापूर, ता. कागवाड : ट्यूब्युलर बॅटरी २ वर्षं ४ महिन्यांत बसली. पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. पाणी वेळच्या वेळी घातलं, फिल्टरचं. हायड्रोमीटरने पाच सेल १२३०च्या आसपास दाखवतात, एक ११२० दाखवतो. काय चुकलं?

हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता मोजणारी नळी, घेऊन सहाही सेल मोजले हे फार चांगलं केलंत. निदान तुमच्या पत्रातच आहे: बॅटरी बसलेली नाही, एक सेल मेला आहे. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलरमध्ये सगळे सेल १२४०च्या जवळ असावेत आणि दोन सेलमध्ये ३० अंकांपेक्षा जास्त फरक नसावा. इथे ११० चा फरक आहे.

खात्रीसाठी एक करा. चार्जिंग शेवटच्या टप्प्यात असताना, डोळ्यांवर चष्मा लावून, सहाही झाकणं उघडून बघा. चांगल्या सेलमध्ये बारीक बुडबुडे येत असतील. मेलेला सेल शांत असेल आणि बाहेरून हाताला बाकीच्यांपेक्षा गरम लागेल. आत प्लेटांमध्ये शॉर्ट झालेला असतो, दिलेला करंट तिथे नुसता उष्णता होऊन जातो. त्यामुळे बॅटरीचा एकूण व्होल्टेज कधीच वर जात नाही, चार्जरला वाटतं अजून भरलेली नाही, आणि तो उरलेल्या पाच सेलांना उकळत ठेवतो. गेल्या काही महिन्यांत पाणी जास्त लागत होतं का ते आठवून पाहा. ती पहिली खूण असते.

बॅटरीवर '३६+२४' अशी वॉरंटी असेल तर पहिल्या ३६ महिन्यांत फुकट बदलून मिळते आणि पुढच्या २४ महिन्यांत किमतीत सूट. तुमचे २८ महिने झालेत, म्हणजे तुम्ही फुकटच्या मुदतीत आहात. आजच बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन जा. कुणी सांगितलं म्हणून त्या सेलमध्ये अॅसिड ओतू नका. हायड्रोमीटर वर जाईल पण सेल जिवंत होणार नाही, आणि सेवा केंद्रातला माणूस अॅसिड वाढवलेलं लगेच ओळखतो. मग दावा गेला.

पाण्याबद्दल मात्र तुमची चूक झाली आहे. घरच्या फिल्टरच्या पाण्यात क्षार उरतातच, आणि कृष्णाकाठच्या बोअरच्या पाण्यात ते फार. क्लोराईड आणि लोह आत गेले की प्लेटा झिजतात आणि बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते. छपरावरून धरलेलं पावसाचं पाणीही नको. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटरच घाला. ते चार्जिंग झाल्यावर, फ्लोटच्या हिरव्या खुणेपर्यंत घाला. रिकाम्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अॅसिड बाहेर येतं आणि टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी बुरशी चढते. ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा.

पत्र्याच्या खोलीचा दोष तेवढाच मोठा. लेड-अॅसिडचं आयुष्य २५ अंश तापमानावर सांगितलेलं असतं. दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. कागवाड-अथणीकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून वर. नवी बॅटरी घरातल्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवा, वरची हवा बाहेर जायला झरोका असू द्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून गॅसची शेगडी आणि देवाची समई तिथे नको.

वडगाव, बेळगाव : दोन पॉवरलूम बॅटरीवर चालवता येतील का?

चालतील, पण परवडणार नाहीत. एक एचपीची मोटर भरल्या लोडला ९५० वॅटच्या आसपास घेते. दोन मागांचे ८ तासांचे १५ युनिट होतात. एवढं द्यायला १८-२० युनिटांची बॅटरी, आणि मोटरी थ्री फेजच्या म्हणून थ्री फेज इन्व्हर्टर. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा इन्व्हर्टरही मोठा हवा. लाखांचा खर्च करून मिळणारं युनिट, विणकरांना सवलतीने मिळणाऱ्या विजेच्या कित्येक पट महाग. तास-दीड तासाच्या खंडाने जेवढं कापड थांबतं, त्या मजुरीशी एकदा तुलना करून पाहा. शेडमधले दिवे, एक पंखा आणि मोबाईल यासाठी साधा इन्व्हर्टर पुरे. लाईट गेली की माग अर्धवट थांबून धागे तुटतात ही खरी अडचण आहे, पण तिच्यावर बॅटरी हा उपाय नाही.

निपाणी : कोल्हापूरला बॅटरी दोन हजारांनी स्वस्त मिळते. तिथून आणू का?

जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच आहे, तेव्हा फरक दुकानदाराच्या नफ्याचा किंवा जुन्या बॅटरीला धरलेल्या भावाचा असतो. आणायला हरकत नाही, पण बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा: निपाणीच्या पिनकोडला घरपोच सेवा कोल्हापूरचं केंद्र देईल की बेळगावचं? काही कंपन्या विक्री झालेल्या राज्यातच तक्रार नोंदवतात. ५५ किलोची बॅटरी गाडीत घालून पुन्हा कोल्हापूरला न्यावी लागली तर दोन हजार तिथेच गेले. बनावटीची तारीखही बघा: भरलेली ट्यूब्युलर दुकानात सहा महिने पडून असेल तर तिच्या प्लेटांवर आधीच थोडा सल्फेटचा थर बसलेला असतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती रीतसर गोळा व्हायला हवी, आणि शिशाला भावही मिळतो.

हुक्केरी : पीएम सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. लाईट गेली की भर उन्हातही घर बंद. आता बॅटरी जोडता येईल का?

बंद पडतं ते मुद्दाम. लाईनवर काम करणाऱ्या हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःला तोडून घेतो. बॅटरी जोडायची तर हा इन्व्हर्टर बदलून हायब्रिड घ्यावा लागेल, किंवा आहे तो ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर एसीच्या बाजूने जोडावा लागेल. दोन्ही करण्याआधी हेस्कॉमला कळवा, कारण नेट मीटरची मंजुरी जुन्या इन्व्हर्टरवर आहे. ३ किलोवॅटला मिळणारं ७८,००० रुपयांचं अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर असतं, बॅटरीसाठी वेगळं काही मिळत नाही. ज्यांनी अजून बसवलेलं नाही त्यांनी सुरुवातीलाच हायब्रिड मागावा, नंतर बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंचा वेगळा छोटा बोर्ड करून घ्या आणि त्याची न्यूट्रलही वेगळी काढा. इलेक्ट्रिशियन फेज वेगळी करतो आणि न्यूट्रल जुन्यातच ठेवतो, मग विजेची गळती पकडणारा आरसीसीबी सारखा पडत राहतो आणि दोष बॅटरीला लागतो.

गोकाक : कर्नाटकच्या गृह ज्योती मोफत वीज योजनेत बिल शून्य येतं. बॅटरीने आणखी काही वाचेल का?

नाही. उलट युनिट वाढतील. इन्व्हर्टर नुसता भिंतीवर चालू असला तरी महिन्याला १० ते १८ युनिट खातो, आणि लेड-अॅसिडमध्ये घातलेल्या विजेतला पाचवा-चौथा हिस्सा वाया जातो. तुमची जुनी सरासरी महिना ४८ युनिटांच्या वर असेल तर मोफत हद्द तिच्यावर १० टक्के वाढवून ठरलेली आहे. सरासरी ९० असेल तर ९९ युनिट. त्यावरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल येतं. हद्दीच्या काठावर असाल तर बॅटरी घेतल्यावर पहिले दोन महिने मीटर स्वतः वाचा. बॅटरी घ्यायची ती लाईट गेल्यावर घर चालू राहावं म्हणून. बिल वाचेल म्हणून कुणी विकत असेल तर त्याला वरचा हिशेब करून दाखवायला सांगा.

शहापूर, बेळगाव : आईला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, ५ लिटरचा. रात्री लाईट गेली की जीव घाबरा होतो. कोणती बॅटरी?

इथे खर्चाचा हिशेब दुसऱ्या नंबरवर. ५ लिटरचं यंत्र ३०० ते ३५० वॅट घेतं. रात्रीचे ८ तास धरले तर २.८ युनिट, तूट धरून ३.३. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम यात आरामात बसते आणि आयुष्यभर अर्ध्या-पाऊण क्षमतेवरच चालेल, हे तिच्यासाठीही चांगलं. इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो, गरम होतो आणि कधीतरी बंद पडतो. वायरिंग झाल्यावर दिवसा, आईंजवळ माणूस असताना, मेन स्विच पाडून बघा: यंत्र न थांबता चालतं की बीप देऊन पुन्हा सुरू करावं लागतं? पुन्हा सुरू करावं लागत असेल तर रात्री कोण उठणार ते आधी ठरवा.

बॅटरीवर एकट्यावर विसंबू नका. बी टाईपचा सिलिंडर, ज्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, तो रेग्युलेटरसकट भरून ठेवा. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर १२ तास निघतात. किती लिटर द्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. महिन्यातून एकदा त्याचा दाब बघा.

नंदगड, ता. खानापूर : आम्ही पुण्याला असतो. गावचं घर गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं. बॅटरी दरवेळी मेलेली मिळते.

बंद घरात ट्यूब्युलर ठेवूच नका. मेन बंद करून गेलात की ती दर महिन्याला ३-५ टक्के आपोआप उतरते, शिवाय इन्व्हर्टर जोडलेला राहिला तर तो आठवड्याभरात तिला तळाला नेतो. रिकाम्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसला की मग कितीही चार्ज करा. मेन चालू ठेवून गेलात तर पाणी आटतं, आणि घालायला कुणी नसतं.

अशा घराला लिथियम बरी. जाताना ती ५०-६० टक्क्यांवर आणा. पूर्ण भरून ठेवली तर पडल्या पडल्या लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर बीएमएस तिला कुलूप घालतो आणि साध्या चार्जरने ते उघडत नाही. मग बॅटरीचं स्वतःचं बटण बंद करा, डीसी ब्रेकर पाडा आणि पॉझिटिव्हची केबल काढून टोकाला टेप गुंडाळा. गणपती ते मे म्हणजे आठ महिने होतात, तेव्हा मध्ये संक्रांतीच्या सुमारास कुणाला तरी घर उघडून ती दोन तास चार्जला लावायला सांगा. परत आल्यावर आधी केबल जोडा, मग ब्रेकर, मग बॅटरीचं बटण, आणि सगळ्यात शेवटी इन्व्हर्टर.